.३८ स्पेशलच्या डायवर .३५७ मॅग्नम भरता येतं का?

मकरपुरा_टर्नर (वडोदरा)

आमचे भावोजी ह्यूस्टनला असतात. त्यांच्याकडे .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्वर आहे आणि झाडलेल्या पितळी पुंगळ्या ते घरीच पुन्हा भरतात. तिथे स्वतःच्या वापरापुरतं ते चालतं. आजवर त्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशलच झाडत आले, त्यामुळे हाताच्या प्रेसमध्ये बसवायच्या डायचा (साच्यांचा) सेटही .३८ चाच घेतलेला. तीन डाय आहेत: पहिली कार्बाइडची साइझिंग (झाडलेली पुंगळी आवळून मापात आणणारी), दुसरी पुंगळीचं तोंड फुलवणारी, तिसरी गोळी बसवून तोंड आवळणारी. आता .३५७ च्या बऱ्याच पुंगळ्या साठल्यात.

मी टूलरूममध्ये, म्हणून त्यांनी स्केच पाठवून विचारलंय की .३५७ साठी तिसरी डाय टर्न करून पाठवाल का. मला लेथ कळतो, काडतूस कळत नाही. मापं पाहिली तर दोन्ही पुंगळ्यांचा व्यास एकच, ९.६३ मिमी. लांबी तेवढी वेगळी: २९.३४ आणि ३२.७७. मग वेगळी डाय हवी कशाला? आहे तीच वर-खाली करून भागत असेल तर तिन्ही हलवायच्या की एखादीच? बाहेरचे आटे ७/८ इंच, १४ टीपीआय (इंचाला १४) आहेत.

शिवाय याच न्यायाने .४४ स्पेशलचा सेट .४४ मॅग्नमला आणि ९ एमएमचा .३८० एसीपीला चालेल का, हेही त्यांना हवंय.

फिनिक्सकर (मूळ ग्वाल्हेर)

वेगळी डाय नको. .३५७ मॅग्नम म्हणजे लांब केलेलं .३८ स्पेशलच. .३८ मध्ये मॅग्नम चुकून शिरू नये म्हणून १९३५ च्या सुमाराला पुंगळीची लांबी मुद्दाम वाढवली. व्यास, मागची कड, प्राइमरचा (ठिणगी देणाऱ्या टोपीचा) खळगा, गोळीचा व्यास, सगळं तेच. गोळी दोन्हीत ९.०७ ते ९.०९ मिमीची, म्हणजे इंचात .३५७-.३५८. ".३८" हा आकडा गोळीचा नाहीच, तो जुन्या काळी पुंगळीच्या बाहेरच्या व्यासावरून पडला आणि तसाच राहिला.

कोणती डाय हलवायची हे ठरवायला एकच गोष्ट बघायची: ती डाय पुंगळीच्या तोंडाला शिवते का?

साइझिंग डाय तोंडाला शिवत नाही. तिच्यात तळाशी कार्बाइडची कडी असते आणि पुंगळी तिच्यातून आरपार वर जाते, मग ती ३.४३ मिमीने लांब असो की आखूड. प्राइमर काढणाऱ्या पिनचं माप पुंगळीच्या बुडाकडून लागतं, आणि बूड शेलहोल्डरमध्ये (पुंगळीची कड धरणाऱ्या भागात) दोन्ही वेळा त्याच उंचीला असतं. म्हणजे पहिल्या डायला हातही लावायचा नाही.

दुसरी आणि तिसरी मात्र तोंडाशीच काम करतात. तोंड ३.४३ मिमी वर गेलं की या दोन्ही डाय नेमक्या तेवढ्याच वर जायला हव्यात. त्यासाठी लॉक रिंग (डायची उंची पक्की धरणारी रिंग) आणि प्रेस यांच्यामध्ये ३.४३ मिमी जाडीचा वॉशर घालायचा. .३८ भरताना वॉशर काढायचा, .३५७ भरताना घालायचा. रेडिंग कंपनीच्या स्पेसर किटमध्ये .१३५ इंची रिंग याच कामासाठी येते, शेजारची .१२५ इंची .४४ साठी.

शेलहोल्डरही तोच: आरसीबीएस कंपनीचा ६ नंबर, ली कंपनीचा १ नंबर. प्राइमर दोन्हीला स्मॉल पिस्टल आकाराचा. मॅग्नम प्राइमर लागतो की साधा, हे दारूच्या तक्त्यात बघायचं.

आता डायला न कळणारी गोष्ट. .३८ स्पेशलची दाबाची मर्यादा १७,००० पीएसआय, .३५७ मॅग्नमची ३५,०००. डायच्या दृष्टीने दोन्ही सारखी, चेंबरच्या दृष्टीने एक दुसऱ्याच्या दुप्पट. .३८ च्या पुंगळीत .३५७ ची दारू कधीच नाही. भावोजींच्या मॅग्नम रिव्हॉल्वरला कदाचित काही होणार नाही, पण ते काडतूस उद्या कुणाच्या तरी जुन्या .३८ मध्ये जाईल. दारूचं वजन फक्त त्या-त्या काडतुसाच्या छापील तक्त्यातून घ्यायचं, आणि सुरुवात तक्त्यातल्या सर्वांत कमी आकड्यापासून. इथे कुणी आकडे लिहू नयेत, मीही लिहिणार नाही.

सात_सूत (वडोदरा)

फिनिक्सकरांनी भूमिती सांगितली, तिला वर्कशॉपचा हिशेब जोडतो. टर्नरभाऊ, तुम्हाला हा एका वाचनात कळेल.

आटे १४ टीपीआय म्हणजे एका फेऱ्याला १.८१४ मिमी. .१३५ गुणिले १४ बरोबर १.८९. तेव्हा वॉशर नसेल तर .३८ वरून .३५७ वर जाताना डाय दोन फेरे उलटी फिरवायची आणि ४० अंश परत आत आणायची. .४४ चा हिशेब त्याहून छान: फरक .१२५ इंच, म्हणजे बरोबर एक सूत, आणि .१२५ गुणिले १४ म्हणजे पावणेदोन फेरे, ना कमी ना जास्त. लॉक रिंगवर आणि प्रेसवर मार्करने रेघ मारली की झालं. तरी रोज अदलाबदल असेल तर वॉशरच घ्यावा. फेरे मोजताना माणूस बोलत असतो आणि तिसरा फेरा कधी झाला ते कळत नाही.

तुमच्या डोक्यात पुढचा प्रश्न येईलच: सेट .३५७ चा असता तर उलटं चाललं असतं का? नेहमी नाही. तिसऱ्या डायच्या आत, तळापासून ठरावीक खोलीवर आवळणारा खांदा कापलेला असतो. खोली आखूड पुंगळीच्या हिशेबाने असेल तर लांब पुंगळीसाठी डाय वर उचलायची, विषय संपला. पण खोली लांब पुंगळीची असेल, तर आखूड पुंगळी खांद्यापर्यंत पोचायच्या आतच डायचं बूड शेलहोल्डरला टेकतं. म्हणजे तोंड फुललेलं तसंच राहणार. अशी नुसती .३५७ साठी कापलेली डाय कधी हाती लागली तर तळ ग्राइंड करण्याशिवाय इलाज नाही, आणि डाय कठीण केलेली असते, लेथवर हात घालू नये. म्हणून कंपन्या बहुतेक सेट दोन्ही नावांनी विकतात आणि खोली .३८ ची ठेवतात. भावोजींचा सेट .३८ चा आहे म्हणजे ते सोयीच्या बाजूलाच आहेत.

वॉशरची मापं: भोक २२.४ ते २२.५ (सात सूत म्हणजे २२.२२५, त्यावर जरा मोकळीक), बाहेरचा व्यास लॉक रिंगइतका, जाडी ३.४३ अधिक-उणे ०.०२, दोन्ही तोंडं ग्राइंड केलेली आणि समांतर. समांतर नसेल तर लॉक रिंग एका कडेवर बसते, डाय आट्यांमधल्या ढिलाईइतकी कलते आणि गोळी तिरकी बसू लागते. बाजारातला पंच केलेला वॉशर अजिबात नको, त्याला एका बाजूला गोलाई आणि दुसऱ्या बाजूला बर असतो.

रेंज_इंदूर

थांबा. ज्ञान ठीक आहे, पण टर्नरभाऊंनी डाय "टर्न करून पाठवू का" असं विचारलंय, त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. उत्तर: नाही.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे तिच्यात काडतुसाचे भाग तर येतातच, काडतुसं बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. कलम ५ प्रमाणे बनवायला, विकायला, बदल करायला परवाना लागतो. कलम २५ ची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. "एक डायच तर आहे" हे पोलिसांना सांगून बघायची हौस नको. मकरपुऱ्यात नको, सांवेर रोडला नको, कुठेच नको. भावोजी जिथे आहेत तिथे वॉशर तयार मिळतो, तिथेच घ्या म्हणावं. कुरियरपेक्षा स्वस्त पडेल.

हा धागा इथले परवानाधारकही वाचतील म्हणून: हातात बंदुकीचा परवाना आहे म्हणून पुंगळी पुन्हा भरायची मुभा मिळत नाही. तो शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, काडतूस बनवण्याचा नव्हे.

आणि आपल्याकडे "एकाच नावाची" काडतुसं फसवतात त्याबद्दलही लिहितो, कारण त्यावरून रेंजवर रोज वाद होतात. ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्वर आणि .३२ पिस्तूल, दोन्हींची काडतुसं लोक "बत्तीसची" म्हणून मागतात. रिव्हॉल्वरचं काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, पुंगळी सुमारे २३ मिमी. पिस्तुलाचं .३२ एसीपी, पुंगळी १७ मिमी, कडेपुढे खाच असलेली. दुकानात नुसतं ".३२" न म्हणता पूर्ण नाव सांगावं.

तसंच ".३८". पोलिसांकडची जुनी वेब्ली आणि एनफिल्ड रिव्हॉल्वर .३८ ची म्हणतात, पण ती .३८ स्मिथ अँड वेसन, म्हणजे .३८० मार्क २ घराण्यातली. पुंगळी १९.७ मिमी, बुडाला ९.८२ मिमी, गोळी ९.१७ मिमी. .३८ स्पेशल ९.६३ आणि ९.०७. नाव एक, एकही माप जुळत नाही.

मकरपुरा_टर्नर (वडोदरा)

बरं झालं सांगितलंत. डाय करत नाही, वॉशरही नाही. भावोजींना कळवलं.

ते म्हणाले, किट येईपर्यंत दम नव्हता, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला सव्वातीनच्या आसपासचा वॉशर घालून वीस काडतुसं भरली. त्यातली चौदा-पंधरा सिलिंडरमध्ये अर्धी जाऊन अडकतात. आवळलेल्या तोंडाच्या खाली पुंगळी किंचित फुगलेली दिसते. उरलेली पाच-सहा नीट जातात. एकच सेटिंग, मग हा भेद का? दारू आणि गोळी तक्त्याप्रमाणेच आहे म्हणतात.

सात_सूत (वडोदरा)

तिथेच गोम आहे. वॉशर सव्वातीनचा म्हणजे साधारण एक सूत. .४४ चा फरक तेवढा, .३५७ चा नाही. .३५७ ला हवं होतं एक सूत आणि वर दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग). म्हणजे डाय जवळजवळ पाव मिलिमीटर खाली राहिली. पाव मिमी ऐकायला काही नाही, पण आवळणारा खांदा तिरका असतो आणि तोंड गोळीच्या चरीत (गोळीभोवतीच्या खाचेत) पुरतं बसल्यावर जाणार कुठे? पुढचा सगळा जोर पितळेला खाली दाबतो आणि पितळ तोंडाच्या खालून बाहेर फुगतं. तोच फुगा चेंबरच्या कडेला अडतोय.

पाच-सहा का गेली? त्या पुंगळ्या आखूड आहेत. पुन्हा पुन्हा झाडलेल्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या मिसळलेल्या पुंगळ्यांत ०.२-०.३ मिमीचा फरक सहज निघतो. .३५७ ची कमाल लांबी ३२.७७, आखूड केल्यावर ३२.५१ च्या आसपास ठेवतात; .३८ ची कमाल २९.३४, ट्रिम केल्यावर २९.०८. व्हर्नियर लावून सगळ्या पुंगळ्या मोजायला सांगा. अडकणाऱ्या लांब निघतील आणि जाणाऱ्या आखूड. लांबी एकसारखी नसेल तर वॉशर मायक्रॉनमध्ये ग्राइंड करूनही उपयोग नाही, कारण खांद्याला वॉशर दिसत नाही, तोंड दिसतं.

उलटी चूकही सांगतो. .४४ ला चुकून .१३५ चा वॉशर लागला तर डाय दहा थाऊ वर राहते. मग आवळणं होतच नाही, तोंड फुललेलंच राहतं. मॅग्नमचा धक्का जबर असल्यामुळे, एक गोळी झाडली की बाकीच्या पुंगळ्यांतल्या गोळ्या जागच्या सरकून पुढे येतात आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. आधीच्या चुकीपेक्षा ही वाईट, कारण टेबलावर दिसत नाही.

फिनिक्सकर (मूळ ग्वाल्हेर)

सात_सूत यांचं निदान बरोबर. त्यात आणखी एक शक्यता: लॉक रिंग कुठली आहे? लीच्या जुन्या पद्धतीच्या रिंगमध्ये आत रबरी ओ-रिंग असते आणि स्क्रू नसतो. डाय काढली-घातली की ती दर वेळी थोडी वेगळी दबते. वॉशर पद्धतीला स्क्रूने घट्ट होणारी रिंग हवी, हॉर्नडीची चिरलेली रिंग किंवा तसलीच. नाहीतर वॉशर अचूक आणि रिंग लवचीक, म्हणजे फूटपट्टी स्टीलची आणि हात थरथरता.

तिसरी डाय बसवायचा क्रम लिहून देतो. हा एकदाच करायचा, .३८ वर, वॉशरशिवाय.

आधी डायच्या आतला, गोळी दाबून बसवणारा दांडा बराच वर घ्यायचा. ट्रिम करून तोंड फुलवलेली रिकामी पुंगळी शेलहोल्डरमध्ये ठेवून रॅम (प्रेसचा खालून वर येणारा खांब) पूर्ण वर. डाय हाताने खाली आणत जायची; खांदा तोंडाला टेकला की हाताला कळतं. तिथून डाय एक फेरा वर, म्हणजे आता आवळणार नाही. मग गोळी ठेवून दांडा थोडा थोडा खाली घेत चर तोंडाच्या बरोबरीला येईपर्यंत गोळी बसवायची. नंतर दांडा पुन्हा वर घ्यायचा, रॅम वर ठेवून डाय हळूहळू खाली, तोंड चरीत वळेपर्यंत. शेवटी त्याच तयार गोळीवर दांडा टेकेपर्यंत खाली आणून नट घट्ट. लॉक रिंगचा स्क्रू आवळायचा तो याच स्थितीत. यानंतर .३५७ साठी अख्खी डाय रिंगसकट बाहेर, वॉशर, डाय परत आत. दांड्याला हात लावायचा नाही.

दांडा का नाही? कारण गोळी तीच असेल तर चर आणि तोंड यांचं नातं तेच राहतं. डाय ३.४३ ने वर गेली, तोंड ३.४३ ने वर गेलं, दांडाही डायबरोबर वर गेला.

पण इथे एक खोच आहे, आणि ती बहुतेक लोक विसरतात. पुंगळीची लांबी ३.४३ मिमीने वाढली, पण तयार काडतुसाची कमाल लांबी फक्त १.०२ मिमीने वाढते: .३८ ला ३९.३७, .३५७ ला ४०.३९. हिशेब केला तर पूर्ण लांबीच्या .३८ मध्ये चरीच्या पुढे गोळीचं नाक १० मिमीपर्यंत चालतं, .३५७ मध्ये जेमतेम ७.६. लांब नाकाची शिशाची सेमी-वॉडकटर (सपाट टोकाची गोळी) असेल तर .३८ मध्ये मस्त बसते आणि .३५७ मध्ये चरीत आवळली की सिलिंडरच्या पुढे डोकावते. लायमनचा ३५८४२९ साचा याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. म्हणून पहिलं काडतूस व्हर्नियरने मोजायचं, मग दुसरं. नाक लांब असेल तर .३५७ साठी गोळी बदलायची. ओढूनताणून चरीच्या वरच्या भागात आवळायची असेल तर त्या खोलीचा तक्ता हवा. गोळी जास्त आत गेली की आतली जागा कमी होते आणि दाब चढतो.

अडकणारी चौदा काडतुसं झाडू नका म्हणावं, दाबून बसवू तर अजिबात नका. गोळी ओढून काढायच्या हत्याराने गोळ्या काढून घ्यायच्या.

मकरपुरा_टर्नर (वडोदरा)

मोजली. अडकणाऱ्या सगळ्या ३२.७ च्या वर, जाणाऱ्या ३२.५ च्या खाली. काडतुसं खोलायला घेतलीत.

दुसऱ्या डायवर त्यांनी दारूचं माप बसवलंय, पुंगळीच्या धक्क्याने चालणारं. तीही वॉशरनेच उचलायची ना? आणि ९ एमएम-.३८० राहिलं.

फिनिक्सकर (मूळ ग्वाल्हेर)

हो, तीही त्याच वॉशरने. पण पुंगळीने चालणाऱ्या मापाला विशेष जपा. डाय गरजेपेक्षा वर राहिली तर पुंगळी मापाला पूर्ण ढकलत नाही, दारू अर्धीच पडते. तोंडही कमी फुलतं, तीच पहिली खूण समजायची. अर्ध्या दारूची गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरी आली की नळी फुगते. वॉशर बदलल्यावर पहिल्या पाच पुंगळ्यांतली दारू काट्यावर तोलायची, नंतर दर दहावी. .३५७ ची उभट पुंगळी आणि थोडी दारू, यात दोनदा दारू पडली तरी बाहेरून कळत नाही. ओळीतल्या सगळ्या पुंगळ्यांत टॉर्च मारून बघितल्याशिवाय गोळी ठेवायची नाही. तोंड फुलवायचं तेही गोळीचं बूड हाताने ठेवल्यावर मिलिमीटरभर आत उभं राहील एवढंच. जास्त फुलवलं की चारपाच फेऱ्यांत तोंडाला चिरा.

साइझिंग डाय शेलहोल्डरवर आपटू देऊ नका. बाकी स्टीलच्या डाय टेकवून वर जोर देतात, पण कार्बाइडची कडी ठिसूळ असते. जाड कागदाइतकी फट ठेवायची.

आता जोड्या.

.४४ स्पेशल आणि .४४ मॅग्नम: चालतं, .१२५ चा वॉशर. पुंगळ्या २९.४६ आणि ३२.६४. शेलहोल्डर एकच, प्राइमर दोन्हीला लार्ज पिस्टल.

.४० एस अँड डब्ल्यू आणि १० एमएम ऑटो: चालतं. पुंगळ्या २१.५९ आणि २५.२०, फरक .१४२ इंच, म्हणजे जवळपास बरोबर दोन फेरे. प्राइमर मात्र वेगळा: .४० ला स्मॉल, १० एमएमला लार्ज. आवळणीही वेगळ्या प्रकारची: ही पिस्तुलाची काडतुसं चेंबरमध्ये तोंडावर टेकतात, तोंड आत वळवलं तर टेकायला काही उरतच नाही. म्हणून टेपर, म्हणजे तोंड निमुळतं दाबणारी आवळणी, तीही फुलवलेलं तोंड सरळ होण्यापुरती. रिव्हॉल्वरचं काडतूस मागच्या कडेवर टेकतं, म्हणून तिथे तोंड वळवलेलं चालतं.

.४५ कोल्ट आणि .४५४ कॅसुल: चालतं, फरक .०९८ इंच. कॅसुलचा प्राइमर स्मॉल रायफल, दाबाची मर्यादा ६५,००० पीएसआय. इथे पुंगळ्या मिसळणं म्हणजे खेळ नाही. पण .४५ एसीपीच्या साइझिंग डायमध्ये .४५ कोल्ट घालू नये. गोळी दोघांना .४५२ ची, पण एसीपीची पुंगळी बुडाला १२.०९ आणि कोल्टची १२.१९. कडी कोल्टला गरजेपेक्षा आवळते, पुंगळीला कंबर पडते आणि आयुष्य घटतं.

.३२ चं कुटुंब: .३२ एस अँड डब्ल्यू लाँग २३.३७, .३२ एच अँड आर मॅग्नम २७.३१, .३२७ फेडरल मॅग्नम ३०.४८. तिन्ही एका सेटवर होतात, सेट लाँगच्या खोलीचा असेल तर. पहिल्या दोहोंत .१५५, पुढच्या दोहोंत पुन्हा .१२५.

९ एमएम आणि .३८०: नाही. गोळी दोन्हीत ९.०२ मिमीची, म्हणून मोह होतो. पण ९ एमएमची पुंगळी निमुळती आहे, बुडाला ९.९३ आणि तोंडाला ९.६५. .३८० जवळपास सरळ, बुडाला ९.५०. ९ एमएमच्या डायमधून .३८० सैल निघते, पुरेशी आवळली जात नाही, मग गोळी बोटाने आत ढकलली जाते. उलटं केलं तर ९ एमएमचं बूड .४३ मिमीने दाबलं जातं, पुंगळी अडकते किंवा पट्टा पडतो.

सात_सूत (वडोदरा)

हा निमुळतेपणा म्हणजेच सगळ्या प्रश्नाची किल्ली. .३८, .४४ आणि .४० यांच्या पुंगळ्या तोंडापासून बुडापर्यंत जवळजवळ एकाच व्यासाच्या, त्यामुळे एक पातळ कडी कुठल्याही लांबीला चालते. निमुळती पुंगळी असली की कडीलाही तसाच ढाळ ग्राइंड करावा लागतो, आणि तो ढाळ ठरावीक लांबीचाच असतो. नावात .३८ आहे की ९ आहे यापेक्षा मायक्रोमीटर बुडाला आणि तोंडाला लावून बघा. दोन्ही व्यास जुळले तर सेट वाटून घेता येतो, एकच जुळला तर नाही.

रेंज_इंदूर

भावोजींना एक सांगायचं राहिलं. इतके दिवस .३५७ च्या चेंबरमध्ये .३८ झाडलीत म्हणजे २९ मिमीच्या आसपास, .३८ चं तोंड जिथे येतं तिथे काजळी आणि शिशाचं कडं धरलेलं असणार. .३५७ ची पुंगळी नेमकी त्याच कड्यातून पुढे जाते. त्यामुळे नीट भरलेलं काडतूसही अडेल आणि दोष उगाच डायवर जाईल. त्यातही तोंडाला कडं चिकटलं तर गोळी सुटताना तोंड मोकळं उघडत नाही.

आधी चेंबर सॉल्व्हंट आणि .३५७ च्या कांस्य ब्रशने साफ करा. कडं जुनं असेल तर एक रिकामी, प्राइमर काढलेली .३५७ ची पुंगळी घ्या, दुसऱ्या डायवर तिचं तोंड नेहमीपेक्षा जरा जास्त फुलवा आणि सिलिंडर काढून हाताने एकेका चेंबरमध्ये दाबून फिरवा. पितळ पोलादापेक्षा मऊ, चेंबरला ओरखडा येत नाही, आणि काळं कडं पापुद्र्यासारखं सुटून येतं. ती पुंगळी नंतर भरायला घेऊ नका, तिच्यावर लाल रंगाची रेघ मारून हत्यारांच्या डब्यात टाका.